आवाज कुठंय? : घरच्या घरी मिक्सिंग आणि परवडणारे हेडफोन

वर्षश्राद्धाच्या दिवशी पानं मांडण्याआधी अर्धा तास अप्पांचं भजन लावायचं, हे मी वर्षभर मनाशी धरून होतो. अप्पा म्हणजे माझे वडील, मंडळाचे ‘बुवा’. सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू गिरणीत ते मागावर होते आणि संध्याकाळी भजनी मंडळात. गिरणी बंद पडली, मंडळ चालू राहिलं. २०१७ च्या कार्तिकात आमच्या गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात दोन रात्री बसून मी त्यांचं ध्वनिमुद्रण केलं होतं. मायक्रोफोन चार : एक अप्पांच्या तोंडाशी, एक पखवाजाला, एक पेटीला आणि एक टाळकऱ्यांच्या मध्ये. ते चार ट्रॅक घरी संगणकावर एकत्र करून मी भजन तयार केलं. कानाला मुलानं दिवाळीला भेट दिलेले हेडफोन होते. बिनतारी, गुबगुबीत, खोक्यावर खर्जाची जाहिरात. त्यात ते भजन असं काही वाजत होतं की रात्री दोन वाजता माझे डोळे भरून आले होते.

मांडवात ते लागलं आणि मिनिटाभरात मला घाम फुटला. टाळांचा एकसारखा खणखणाट, त्याच्यामागे पेटीचा भाता, आणि कुठेतरी खाली, तोंडावर उशी ठेवल्यासारखे अप्पा. अभंगाचा एक शब्द कळेना. पखवाजवाले काका शेजारीच बसले होते. ते हळूच म्हणाले, “बुवांचा आवाज कुठंय रे?” थोड्या वेळानं पुन्हा, “आणि हा पखवाज माझा? डबा वाजवल्यागत लागतोय की.”

मांडववाला म्हणाला, भोंगे चांगले आहेत. ते खरंही होतं. त्याच भोंग्यांवर नंतर लावलेलं भीमसेन जोशींच्या संतवाणीचं ध्वनिमुद्रण स्वच्छ वाजलं. नशीब एवढंच की मूळ चार ट्रॅक संगणकात शाबूत होते. अप्पा पुन्हा गाणार नव्हते. मी मात्र पुन्हा मिक्स करू शकत होतो. त्यासाठी आधी चूक कुठे झाली ते कळायला हवं होतं. या लेखात आहे तो त्या शोधाचा भाग. बँकेतल्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, पेटी बऱ्यापैकी आणि पदार्थविज्ञान बारावीपर्यंतचं येत असलेल्या माणसानं केलेला हा शोध आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मिक्सिंग हा शब्द वाङ्मयाच्या वाचकाला परका वाटेल, पण ते काम त्याच्या ओळखीचं आहे. ते संपादन आहे. चार जण एकाच वेळी बोलतात. कोणाला पुढे आणायचं, कोणाला जरा मागे ठेवायचं, कोणाचं वाक्य कुठे छाटायचं, हे ठरवायचं. ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणं, तो डावीकडे-उजवीकडे सरकवणं, त्यातला खर्ज किंवा धार वाढवणं-घटवणं, एवढीच हत्यारं. ‘ऑडॅसिटी’सारखी फुकट सॉफ्टवेअरही त्यासाठी पुरतात. अडचण हत्याराची नसते. संपादकाच्या चष्म्याचा नंबर चुकीचा असेल तर काय होईल, ती अडचण आहे.

आमच्या सोलापुरात याला आणखी चांगला दाखला मिळतो. चादरीच्या सुताला रंग देणारा जुना माणूस रंगवलेली लडी कधीच पिवळ्या दिव्याखाली पसंत करत नाही. ती घेऊन तो दाराबाहेर उन्हात येतो. पिवळ्या उजेडात पांढरं पिवळट दिसतं. ते दुरुस्त करायला कोणी निळीचा हात जास्त दिला तर उन्हात चादर निळसर निघणार. उजेड जे वाढवून दाखवतो, ते माणूस हातानं कमी करतो. चूक मालात उलटी उतरते.

माझं हेच झालं होतं. त्या हेडफोनमध्ये खर्ज फुगवलेला होता. पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओली कणीक लावतात, तिच्यामुळे ती घुमारदार ‘धूम’ येते. माझ्या ध्वनिमुद्रणात ती ७० हर्ट्झच्या आसपास होती, म्हणजे सेकंदाला ७० कंपनं. हेडफोननं ती मला दुपटीनं ऐकवली, म्हणून मी ती कापली. भोंग्यावर राहिला तो हाताचा नुसता फटका, काकांच्या भाषेत डबा. वरच्या टोकालाही हेडफोननं चकाकी दिली होती. अप्पांचे स, श, च टोचायला लागले, म्हणून मी त्यांच्या आवाजाची धार बोथट केली. व्यंजनं ज्या पट्ट्यात कळतात, साधारण २००० ते ४००० हर्ट्झ आणि ‘स’साठी त्याहून वर, तिथेच माझी कात्री चालली होती. शब्द गेले ते असे.

तिसरी चूक मला सर्वांत उशिरा सापडली. टाळ मी निम्मे पार डाव्या आणि निम्मे पार उजव्या कानात टाकले होते, मध्ये अप्पा. हेडफोनमध्ये हे फार सुरेख लागतं, कारण डावं फक्त डाव्या कानात जातं आणि उजवं फक्त उजव्या. मधली जागा मोकळी राहते आणि तिथला आवाज कितीही हळू असला तरी ऐकू येतो. मांडवातले दोन्ही भोंगे एकाच वायरीवर होते. डावं-उजवं एकत्र झालं आणि सगळे टाळ अप्पांच्या डोक्यावर येऊन बसले.

स्पीकरवर ऐकताना असं फसायला होत नाही. डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही पोचतो, फक्त मिलिसेकंदाचा पाव ते एक तृतीयांश भाग उशिरा आणि डोक्याच्या आडोशामुळे थोडा मऊ होऊन. बेंजामिन बाउअर या अभियंत्यानं १९६१ साली हा मुद्दा मांडून हेडफोनमध्येही थोडा डावा आवाज उजवीकडे झिरपवायची युक्ती सांगितली होती. ती आज कित्येक सॉफ्टवेअरमध्ये एका बटणावर मिळते.

मग स्पीकरच का नाही घेतले? मिक्सिंगच्या पुस्तकांत पहिला सल्ला तोच असतो. माझी खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद. समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज अडकतो आणि ठरावीक स्वर फुगतात. कोणता ते काढायला ध्वनीचा वेग खोलीच्या लांबीच्या दुपटीनं भागायचा. ३४३ मीटर भागिले ७.३२, म्हणजे ४७ हर्ट्झ, रुंदीसाठी ५६. त्यांच्या दुपटी-तिपटीही त्यात आल्याच. म्हणजे पखवाजाची धूम नेमक्या ज्या प्रदेशात, तिथेच माझी खोली खोटं बोलणार : एका कोपऱ्यात धूम दुप्पट, खुर्ची दोन फूट सरकवली की गायब. (मे महिन्यात खोलीत ४० अंश असतात तेव्हा ध्वनीचा वेग ३५५ मीटरच्या आसपास जातो आणि हे आकडे हर्ट्झ-दोन हर्ट्झनं वर सरकतात. याचा उपयोग काही नाही, पण उन्हाळ्यात आमच्या खोलीचीसुद्धा पट्टी चढते याची मला मौज वाटते.) खोली सुधारायची तर जाड लोकरीचे तक्ते, कोपऱ्यांत अडसर, त्याला स्पीकरहून जास्त खर्च. शिवाय रात्री अकरानंतर भिंतीपलीकडची मुलं झोपतात. हेडफोनला खोली नसते. मध्यमवर्गीय माणसाच्या घरी त्याची खरी किंमत ही आहे.

हे यंत्र मुळात संगीतासाठी जन्मलंच नव्हतं. अमेरिकेतल्या युटाहमध्ये नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या गृहस्थानं स्वयंपाकघरात बसून हेडफोन तयार केले आणि १९१० साली अमेरिकी नौदलाला पाठवले. बिनतारी संदेश ऐकण्यासाठी. स्टिरिओ संगीतासाठी ते वापरावेत हे जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये मिलवॉकीत दाखवलं. १९७९ च्या वॉकमननं ते रस्त्यावर आणले. गाणं ऐकणं आणि गाणं तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे दुकानातल्या विक्रेत्याला पटवून देणं मात्र आजही कठीण जातं. मी जिथे जिथे गेलो तिथे प्रत्येकानं मला ‘बास’ ऐकवला.

‘सपाट’ आवाजाचा हेडफोन हवा, असं सगळे सांगतात. सपाट म्हणजे काय, हे विचारलं की गोंधळ सुरू होतो. आपल्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्यानं बंद. अशी नळी स्वतःचा एक स्वर फुगवते. कानाच्या बाबतीत तो ३००० हर्ट्झच्या आसपास येतो. समोरून येणारा आवाज कानाची पाळी, खांदे, ही नळी या सगळ्यांतून घडून पडद्यावर पोचतो. हेडफोन यातला बराचसा रस्ता चुकवून थेट कानाशी उभा राहतो. म्हणून यंत्रानं मोजताना जो अगदी सरळ रेषेत भरेल, तो हेडफोन कानाला मुळीच सरळ वाटणार नाही. त्यात ३००० च्या जवळ मुद्दाम उंचवटा ठेवावा लागतो. किती, यावर वाद आहेत. जर्मनीत गुंथर थाइले यांनी १९८० च्या दशकात एक उत्तर दिलं. २०१२ नंतर हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी ऐकणाऱ्यांच्या चाचण्या घेऊन दुसरं दिलं : चांगल्या खोलीत चांगले स्पीकर जसे वाजतात, साधारण तसं हेडफोननं वाजावं. शिवाय प्रत्येकाची पाळी वेगळी. तेव्हा शंभर टक्के सपाट असा हेडफोन नसतोच. ज्याचा खोटेपणा थोडा आणि ओळखीचा, तो चांगला. इतकी वर्षं माणसं पारखून मला हे आधीच कळायला हवं होतं.

खोक्यावर मात्र ‘१० ते २५,००० हर्ट्झ’ असं छापलेलं असतं. या आकड्याला काही अर्थ नाही. माणसाचा कान तरुणपणी २० ते २०,००० पर्यंत ऐकतो आणि वयानुसार वरचं टोक गळत जातं. मी स्वतःची चाचणी घेतली तेव्हा १०,००० च्या पुढे मला शांतता होती. प्रश्न टोकं कुठे आहेत हा नाही. मधल्या वाटेवर किती खड्डे आणि किती गतिरोधक आहेत, हा आहे. तो खोक्यावर कोणी छापत नाही. ५० मिलिमीटरचा पडदा ४० हून चांगला, हाही असाच भ्रम. स्टुडिओंमध्ये तीन दशकांहून अधिक काळ टिकलेल्या सोनी एमडीआर-७५०६ चा पडदा ४० मिलिमीटरचाच आहे.

किमतीबद्दलही एक दिलासा देणारी गोष्ट हाती आली. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मोजमापं आणि त्यांच्या किमती समोरासमोर ठेवून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा की हेडफोनचा स्वर-समतोल आणि त्याची किंमत यांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही. महाग हेडफोनमध्ये बांधणी, आराम, टिकाऊपणा, सुटे भाग यांचे पैसे असू शकतात. खरेपणाचे असतीलच असं नाही. मी हा निष्कर्ष घरी मोठ्यानं वाचून दाखवला. सौभाग्यवतींनी विचारलं, “म्हणजे आता स्वस्तातले घेणार ना?” मी दहा हजारांच्या आतली मर्यादा तिथल्या तिथे मान्य केली.

आता निवडीचा खरा कस. हेडफोन दोन जातींचे : बंद आणि उघडे. बंद प्रकारात कपाची पाठ भक्कम असते. बाहेरचं आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही. उघड्या प्रकारात पाठीला जाळी. सेनहायझरनं १९६८ मध्ये एचडी ४१४ आणला, त्या पहिल्या उघड्या हेडफोनच्या पिवळ्या स्पंजाच्या गाद्या जुन्या लोकांना आठवत असतील. उघड्यात पडद्यामागची हवा कोंडत नाही, त्यामुळे खर्ज घुमत नाही आणि आवाज कपाळात अडकल्यासारखा न वाटता जरा बाहेर, मोकळा वाटतो. कानही कमी थकतात. मिक्सिंगसाठी उघडेच घ्या, असा जवळजवळ जगभरचा सल्ला आहे.

जगाला आमची गल्ली माहीत नाही. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. मागच्या भिंतीला लागून टॉवेलाचे यंत्रमाग. सकाळी आठला सुरू होतात ते रात्री नऊला थांबतात. ‘खटाक-खट, खटाक-खट’ हा आमच्या घराचा ठेका. माझी मुलं त्यावर झोपली, अभ्यास केला, परीक्षा पास झाली. मित्राकडून आणलेले उघडे हेडफोन लावले तर त्या सुंदर मोकळ्या अवकाशात पखवाजाच्या शेजारी मागही वाजायला लागले. त्यांच्यावर मात करायला आवाज वाढवायचा, तर ते आणखी वाईट. का, ते पुढे येईल. शिवाय पुढचं ध्वनिमुद्रण करायचं असेल तेव्हा गाणाऱ्याच्या कानातून टाळाचा आवाज मायक्रोफोनमध्ये झिरपता कामा नये. तिथेही बंदच लागतात. एकच जोडी परवडणार असेल आणि घर शांत नसेल, तर जगाचा सल्ला बाजूला ठेवून बंद घ्यावेत, या मतावर मी आलो. रात्री दहानंतरचा वेळ हाताशी असलेल्यानं खुशाल उघडे घ्यावेत.

मध्यममार्गही आहे. ऑस्ट्रियाच्या एकेजीचे के२४० हे अर्धे उघडे. मोठी गोल चकती, डोक्यावर आपोआप बसणारा पट्टा. गायक-गायिकांच्या ध्वनिमुद्रणाच्या छायाचित्रांत हे हमखास दिसतात. त्यांचा मधला प्रदेश, म्हणजे गळा आणि पेटी, मला फार प्रामाणिक वाटला. तळाचा खर्ज जरा संकोची. जुने विकत घेताना एक सांभाळायचं : आजचा ‘स्टुडिओ’ हा प्रकार ५५ ओहमचा आहे, पण पूर्वीचे काही ६०० ओहमचे होते.

ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा. बोअरच्या मोटरीसारखं आहे. पाणी किती खोल आहे ते न पाहता लहान मोटर टाकली तर पाणी वर येतं, पण करंगळीएवढी धार. मोबाइलच्या किंवा साध्या संगणकाच्या भोकात ६०० ओहमचा हेडफोन असाच केविलवाणा वाजतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तिन्ही प्रकारांत मिळतो आणि स्वस्तात मिळाला म्हणून २५० चा घेऊन, ‘आवाजच नाही’ म्हणून परत करणारे लोक असतात. साधा इंटरफेस किंवा नुसता संगणक असेल तर ३० ते ८० ओहमच्या आत राहावं. एवढं लक्षात ठेवलं की या विषयावरची बाकीची चर्चा सोडून देता येते.

बिनतारी हेडफोन मिक्सिंगला नकोत. आवाज पोचायला दहाव्या-पाचव्या सेकंदाचा उशीर होऊ शकतो, हे एक. त्याहून मोठं कारण असं की त्यांतले बरेचसे आतल्या चिपमध्ये आवाजाला स्वतःच नटवतात, आणि बाहेरचा गोंगाट मारण्याची सोय चालू असली की त्या नटण्याची तऱ्हाही बदलू शकते. ज्याच्यावर विसंबून निर्णय घ्यायचा, तो साक्षीदार क्षणोक्षणी जबानी फिरवणारा नको.

ऐकून पाहायला मी पुतण्याकडून, मित्रांकडून, ओळखीच्या एका स्टुडिओतून असे पाच जोड गोळा केले. प्रत्येकावर तीच तीन ध्वनिमुद्रणं, त्याच आवाजात. पहिलं, मला पाठ असलेली संतवाणी. दुसरं, अप्पांचा एकट्याचा कोरा ट्रॅक, काहीही न केलेला. हा सर्वांत उपयोगी पडला, कारण त्या आवाजाचं मूळ मी साठ वर्षं ऐकलेलं होतं. तिसरं, खालपासून वरपर्यंत हळूहळू चढत जाणारा नुसता एक सूर. तो मध्येच कुठे ओरडतो, कुठे गळाठतो, ते टिपून ठेवायचं. सोनीच्या ७५०६ मध्ये चुका भिंगाखाली दिसतात. अप्पांचा प्रत्येक श्वास, पेटीच्या भात्याची कुरकुर. पण वरची धार इतकी की तासाभरात मी थकलो. डीटी ७७० आरामात पहिला. त्याच्याही वरच्या टोकाला टोच आहे आणि तो माझ्या मर्यादेबाहेर होता. ऑडिओ-टेक्निकाचा एम२०एक्स सर्वांत स्वस्त. खर्जाच्या वरच्या बाजूला थोडा फुगीर आणि व्यंजनांत थोडा झाकलेला, पण त्याचं हे खोटं सौम्य आहे आणि एकदा ओळखलं की हिशेबात धरता येतं. विद्यार्थ्यानं सुरुवातीला तोच घ्यावा. एम४०एक्स मध्ये अप्पा अप्पांसारखे लागले. शिवाय त्याची वायर सुटी होते. एम२०एक्सची होत नाही, आणि हेडफोन मरतो तो बहुधा वायरीच्या मुळाशी. मी एम४०एक्स घेतला.

घेण्याआधी आणखी दोन गोष्टी कळल्या, त्या कुठल्याच खोक्यावर नव्हत्या. माझा चष्मा. त्याची दांडी गादीखाली आली की बारीकशी फट पडते आणि बंद हेडफोनचा खर्ज त्या फटीतून पळून जातो. मी चष्म्यासकट मिक्स केलं असतं तर पखवाज दामदुपटीनं वाढवला असता. म्हणजे पहिल्या चुकीच्या बरोबर उलट. आता पडद्यावरची अक्षरं मोठी करून ठेवली आहेत आणि निर्णयाच्या वेळी चष्मा टेबलावर. दुसरं, आपला उन्हाळा. नकली चामड्याच्या गाद्यांना घाम आणि उष्मा सोसत नाही. दोन-तीन उन्हाळ्यांत पापुद्रे सुटतात. गादी चेपली की पडदा कानाच्या जवळ येतो, फट पडते आणि सगळा समतोल बदलतो. म्हणून जिच्या सुट्या गाद्या सहज मिळतात तीच जोडी घ्यावी. नावाजलेल्या हेडफोनांच्या हुबेहूब नकला बाजारात भरपूर आहेत. निम्म्या किमतीत कोणी देऊ लागला तर पक्कं बिल मागावं, बहुधा संभाषण तिथेच थांबतं.

आता आवाज वाढवण्याबद्दल. १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. आवाज वाढवला की खर्ज त्या मानानं जास्त वाढतो. म्हणून मोठ्यानं लावलेलं सगळंच भरदार वाटतं, आणि म्हणूनच दोन वाजता माझे डोळे भरून आले होते. समोरासमोर बसून बोलतो तेवढ्याच आवाजात मिक्स केलं तर फसगत कमी होते.

आणि दुसरं कारण अप्पांचं आहे. मागाच्या खात्यात तीस वर्षं काढल्यावर त्यांचे कान गेले होते. आमच्याशी बोलताना ते आमच्या ओठांकडे बघायचे आणि स्वतः मोठ्यानं, तोंड पूर्ण उघडून बोलायचे. मागावरच्या जुन्या माणसांची ती सवयच असते. टाळाचा वरचा नाद त्यांना शेवटची दहा वर्षं ऐकू येत नव्हता. ते टाळकऱ्यांच्या हाताकडे बघून लय धरायचे. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे की ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते : ८८ ला चार तास, ९१ ला दोन. जागतिक आरोग्य संघटना हेडफोनसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास, असा हिशेब सांगते. कान दुखत नाही, रक्त येत नाही. वरचे स्वर एकेक करून निघून जातात. मी दर पाऊण तासानं हेडफोन काढून गच्चीत जातो.

पुन्हा मिक्सला बसलो तेव्हा पखवाजानं आणखी एक धडा दिला. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून ७० हर्ट्झ येऊच शकत नाही, मग तिथे पखवाज ऐकवायचा कसा? जुना टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झएवढाच आवाज वाहून न्यायचा. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर असतो सुमारे १०० ते १५०. म्हणजे फोनवर वडिलांचा मूळ स्वर येतच नव्हता, तरी ‘अप्पा बोलताहेत’ हे पहिल्या शब्दाला कळायचं. वरचे उपस्वर ऐकून आपला मेंदू हरवलेला खालचा स्वर स्वतः भरून काढतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवलं होतं की तबला-मृदंगाच्या पुडीवरची शाई तिच्या उपस्वरांना तारेच्या वाद्यासारखं शिस्तीत बसवते. साध्या ढोलाचे उपस्वर असे शिस्तीत नसतात. पखवाजाच्या उजव्या पुडीत ही शिस्त आहे. मी धूम फार वाढवली नाही. ती होती तितकी परत दिली आणि २०० ते ८०० हर्ट्झमधला उजव्या पुडीचा नाद मोकळा केला. त्या जागी बसलेली पेटी तीन डेसिबल खाली घेतली. पेटी माझीच होती, तेव्हा कोणाचा मान राखायचा प्रश्न नव्हता. मोबाइलवर पखवाज उभा राहिला. हे ऐकू येण्यासाठी हेडफोनचा मधला प्रदेश खरा असावा लागतो. ‘बास’वर भाळणाऱ्याला ते ऐकू येत नाही.

टाळ मी मध्याच्या दोन्ही बाजूंना थोडेच सरकवले आणि सगळं मिक्स सॉफ्टवेअरमध्ये एकेरी, म्हणजे डावं-उजवं एक करून तपासलं. एकेरीत शब्द कळेपर्यंत अप्पांना वर आणलं, मगच ते पसरलं. शेवटी हेडफोन काढून मोबाइलवर, शेजाऱ्याच्या रिक्षात आणि मंदिराच्या भोंग्यावर ऐकलं. या कामाला अकरा रात्री लागल्या. दिवसा माग चालू असताना नुसती छाटणी करायचो, निर्णय रात्री नऊनंतर.

तयार झालेलं भजन पेनड्राइव्हवर घालून पखवाजवाल्या काकांकडे गेलो. त्यांच्याकडे एका स्पीकरचा जुना रेडिओ आहे, त्यात पेनड्राइव्ह चालतो. काका डोळे मिटून ऐकत होते. दुसऱ्या कडव्याला त्यांच्या बोटांनी मांडीवर ठेका धरला. एका जागी अप्पांचा श्वास संपतो आणि ते एक अक्षर गिळतात. तिथे काका हसले. “इथं बुवा नेहमी अडकायचे,” ते म्हणाले. भजन संपल्यावर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “पखवाज ठीक आहे. शब्द समजतात. टाळ मात्र जरा जास्तच दाबलास.”

घरी आलो. माग थांबायची वाट पाहिली. चष्मा काढून ठेवला आणि टाळ एक डेसिबल वर घेतला.